अनमची पाठ आणि माझा आवाज

५ जानेवारी, रविवार

आजपासून अनमची शुश्रूषा माझ्या हाती. लेक उमैमाचा काल ओल्या मोरीत पाय घसरला, उजव्या मनगटाला प्लास्टर. बायको रहिमाच्या बोटांत संधिवात. जावई झुहेब जहाजावर. उरलो मी. कर्जतपासून खालापूरपर्यंत एकही मैदान असे नाही जे मी गाजवले नाही. धरणग्रस्तांसाठी, टपरीवाल्यांसाठी, वाचनालयाच्या छपरासाठी घसा फोडला. अशा माणसाला नऊ वर्षांच्या नातीची पाठ थोपटणे कसले जड?

अनमला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासून. फुप्फुसांतला कफ डिंकासारखा घट्ट. सकाळ-संध्याकाळ मशीनने खाऱ्या पाण्याची वाफ द्यायची, मग पाठ-बरगड्या थोपटून कफ सुटा करायचा. एवढेच.

२८ तारखेला मुंबईच्या इस्पितळात फुंकायची तपासणी. मागच्या वेळी फुप्फुसांच्या जोराचा आकडा घसरला. आणखी घसरला तर दोन आठवडे ॲडमिट, सलाईन. तिची शीर सापडत नाही, चार-चार वेळा टोचतात. शिवाय फेब्रुवारीत शाळेचे गॅदरिंग. त्यात ती खेकडा होणार आहे.

संकल्प: आकडा वाढवून दाखवणार. या विषयावरचे जाड इंग्रजी पुस्तक मागवले.

६ जानेवारी, सकाळ

पहिले सत्र. अनम उशीवर कुशीला झोपली. रुग्णाला आपल्या लढ्याची पार्श्वभूमी ठाऊक हवी, म्हणून थोपटताना श्वास हा माणसाचा पहिला हक्क कसा, यावर थोडे बोललो. पोरगी मध्येच म्हणाली, "नाना, हात."

हात कुठे? तर वर. मुद्दा मांडताना माझा उजवा हात वर जातो. ती शैली आहे. लोक अजून नावाजतात.

"हात पाठीवर, नाना. हवेला कफ नाही झाला."

आईवर गेली आहे.

९ जानेवारी, गुरुवार

हर्षला सिस्टर खोपोलीहून स्कूटीवर आल्या. दर गुरुवारी येतात. माझे थोपटणे बघितले आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच ओरडल्या, "काका, ही टाळी झाली! तळहाताची वाटी करा. आवाज पोकळ आला पाहिजे, डब डब. हा चटचट येतोय, पोरीला मारताय का?"

मी शांतपणे सांगितले की टाळ्यांविषयी मला कोणी शिकवू नये, आयुष्य त्यांच्यात गेले.

"घेतल्यात हो," सिस्टर म्हणाल्या. "वाजवल्यात कधी?"

रहिमा हसत स्वयंपाकघरात पळाली. मला हे खटकले. सिस्टर कामात चांगल्या आहेत, पण वक्तृत्वाची जाण नाही.

१२ जानेवारी, रविवार

अनमची पोटदुखी. कारण किरकोळ. तिला जेवणाआधी पचनाची कॅप्सूल लागते आणि ती गिळली की लगेच जेवायचे असते. गिळली. ताट समोर होते. मी अन्नाच्या सन्मानाविषयी दोन शब्द बोललो. भात थंड झाला, हे खरे.

रहिमाचे म्हणणे, "तुमी बोलाया लागले का औषध पन कंटालून निघून जातं." वर पोरीला जादा लोणचे वाढले. मीठविरोधी व्याख्यानमाला मीच चालवलेली. पण अनमच्या घामातून मीठ जाते, तिला ते हवेच. तत्त्वाला अपवाद असतो. नोंद केली.

रात्री खोकला वाढला. ओटीवर फेऱ्या मारल्या. पुस्तक अजून आले नाही. पोस्टाचा कारभार!

१४ जानेवारी, मंगळवार

सापडले! चूक माझी नव्हतीच. आपण एकेकटे लढतो आहोत, ही चूक आहे. आमच्या चळवळीतल्या कळंबच्या मनोजची मुलगी रिया, तिलाही हाच आजार. म्हणजे हा प्रश्न घरचा नाही, समाजाचा आहे. आणि समाजाच्या प्रश्नाला एकच औषध: परिषद.

'फुप्फुस हक्क परिषद'. रविवार, १९ तारीख. हॉल सांगितला. बॅनर छापायला टाकला. अनम आणि रिया व्यासपीठावर हातात हात घालून उभ्या राहणार, मागे मी. प्रमुख पाहुण्या हर्षला सिस्टर. मनोज फोनवर म्हणाला, "काका, तुमी सांगाल तसं." असा कार्यकर्ता हवा.

संध्याकाळचे सत्र थोडक्यात आटोपले. फोन फार.

१६ जानेवारी, गुरुवार

सिस्टरना निमंत्रणपत्रिका दिली. वाचली. परत वाचली.

"दोघी एका स्टेजवर? हात धरून? काका, वेडबीड लागलंय काय?"

मग सांगितले. या आजाराच्या दोन मुलांना एकत्र आणायचेच नसते. एकीच्या फुप्फुसातले जंतू दुसरीकडे गेले तर तिथे मुक्काम ठोकतात, औषधांना दाद देत नाहीत. इस्पितळातसुद्धा त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावतात. उमैमा म्हणाली, "अब्बा, मला एकदा विचारायचं तरी." बॅनरवर प्लास्टरवाला हात आपटला.

जन्मभर लोकांना एकच सांगत आलो: एकत्र या. आणि हा आजार सांगतो, एकत्र येऊ नका. याच्याविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलायचे?

काही वेळ बोललो नाही. रहिमाने कपाळाला हात लावून ताप बघितला.

दोन्ही मुलींनी मग व्हिडिओ कॉल केला. एकमेकींना कॅप्सुलींचे रंग दाखवले आणि कोण मोठ्याने खोकते याची स्पर्धा लावली. माझ्याविना.

निर्णय: परिषद होणारच. रुग्णांविना. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ जानेवारी, रविवार

परिषद यशस्वी. उपस्थिती निवडक: मनोज, चहावाला पोपट, माईकवाला. माईक सुरुवातीलाच बंद पडला. मी थांबलो नाही. मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवला. मनोज अर्ध्यात उठला. म्हणाला, "काका, रियाची वाफेची वेळ झाली."

तेव्हा आठवले. अनमचीही.

घरी आलो. उमैमा डाव्या हाताने थोपटत होती. घामाघूम. मला बघूनही तिने हात थांबवला नाही. काही म्हणाली असती तर मला उत्तर देता आले असते.

२० जानेवारी, सोमवार

आवाज गेला. पूर्ण. तोंड उघडतो, वारा येतो. सिस्टरचा फोन: ताप नाही ना, सर्दी नाही ना? तरी अनमजवळ मास्क लावूनच बसा आणि आठवडाभर एक शब्द नको. रहिमाने हे दोनदा स्पीकरवर ऐकले.

संध्याकाळी सत्र. बोलायचे नव्हते, त्यामुळे हात वर गेला नाही. त्याला दुसरा उद्योगच नव्हता. तळहाताची वाटी झाली. डब डब. कूस बदल, डब डब. बोलत होती ती. खेकडा आडवा का चालतो, बाईंनी तिला कोणता रंग लावायचे ठरवले आहे, रिया म्हणे झोपेत घोरते. नऊ वर्षांत मला माहीत नव्हते की ही इतकी बोलते. मग आरशावर वाफ सोडतात तसे 'हा' करत उच्छ्वास. मग खोकला. वाडग्यात हिरवा गोळा पडला, बोराएवढा.

"अब्बा, थांबू नका," उमैमा दारातून म्हणाली.

थांबलो नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

पुस्तक आले. अनमच्या उशीखाली उंचीला बरोबर बसते.

रात्रीचा खोकला कमी. मी मात्र जागा. खोकला का येत नाही म्हणून उठून बघतो.

सिस्टर पाठीमागे उभ्या राहिल्या, डब डब ऐकत. बिस्कीट मागून घेतले. ही दाद समजावी.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतल्या ध्वजवंदनाचे भाषण इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकले. मुख्याध्यापकांना मेसेज लिहून नकार कळवला. कारण: घसा. नव्या शिक्षकाने भाषण केले. फारच छोटे. लोकांना आवडले म्हणे.

रहिमा माझ्याकडे बराच वेळ बघत होती. "गोळी देऊ का घशाला?" म्हणाली. मी 'नको' अशी मान हलवली.

२८ जानेवारी, मंगळवार

मुंबई. अनमने नळीत फुंकले. डोळे बाहेर येईपर्यंत. आकडा वाढला. फार नाही, पण वर. ॲडमिट नाही. पोरगी इस्पितळाच्या पॅसेजमध्ये दोन्ही हातांच्या नांग्या करून आडवी पळाली.

डॉक्टरांनी विचारले, मध्यंतरी काय बदल केला? मी खुर्चीत पुढे सरकलो. अनमने सांगून टाकले, "नानांचा आवाज बसलाय."

डॉक्टर हसले. म्हणाले, जे चाललंय तेच चालू ठेवा.

आवाज शुक्रवारीच परत आला. मोरीचे दार लावून, नळ सोडून खात्री केली. खणखणीत आहे.

घरात कोणाला सांगितलेले नाही.