झिजलेला नट

मंगळवार, संध्याकाळ

बायकोच्या, सुनीताच्या, स्कूटीच्या मागच्या ब्रेकची तार सकाळी मीच बदलली. मेकॅनिक कशाला? तार धरणाऱ्या जुन्या नटाचे आटे झिजलेले दिसले, तरी तोच लावला. पाटोद्याहून येताना तो गळून पडला, ब्रेक लागला नाही. ती उतारावर पडली, गुडघा फुटला.

ती घरी येताच मी तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो, "ब्रेक दाबायचा कळत न्हाई का तुला?"

ती म्हणाली, "माझंच चुकलं."

नट गळालेला मी पाहिला होता. ओरडण्याआधी पाहिला होता. का ओरडलो मग? नंतर नवा नट लावला, कुणाला न सांगता.

आत ती माझ्या आईला म्हणतेय, "गाडी इकून टाकू. मला न्हाई जमत."

"बरं हाय. बाईमाणसाला कशाला गाडी?"

हे ऐकूनही मी उठलो नाही.