दोन्ही सह्या बाद

९ मार्च २०१७, गुरुवार

बोललो! राटहाउसच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या सभागृहात, दीडशे माणसांसमोर, जर्मनमध्ये. या गावात घर घेऊन चार वर्षं झाली, आज पहिल्यांदा तोंड उघडलं. गावाच्या नियमावलीत बदल करताहेत — गल्लीतला रस्ता नवा करायचा की नाही हे आत्तापर्यंत कौन्सिल ठरवायचं, आता त्या रस्त्यावरच्या घरमालकांना विचारणार. निम्म्याहून जास्त घरांचा लेखी होकार आला तरच काम. एका घराची एक सही. मी उठून विचारलं, एखाद्याने होकाराच्या आणि नकाराच्या दोन्ही कागदांवर सही केली तर? व्यासपीठावरच्या बाई गोंधळल्या. मी म्हटलं, दोन्ही बाद धरा. "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाल्या आणि लिहून घेतलं. घरी येईपर्यंत शमिकाला तीनदा सांगून झालं.

२८ मार्च

दुरुस्ती मंजूर. माझं वाक्य आहे त्यात, कलम चार. फोटो काढून पुण्याला दादाला पाठवला. पहिला नंबर आमच्याच रस्त्याचा. तेरा घरं, म्हणजे सात होकार हवेत.

२४ एप्रिल

गल्लीतल्या फ्राऊ हार्टविगकडे रुबार्बचा केक. बाई एक्याऐंशीच्या. रस्त्याचे दगड उखडलेत, त्यांचा चाकांचा वॉकर दर चार पावलांवर अडकतो. आमच्या ईप्सिताला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा आठवडाभर ह्याच येऊन बसायच्या तिच्यापाशी. केक संपल्यावर त्यांनी होकाराचा कागद पुढे केला. मी सही केली. मनापासून केली.

२९ एप्रिल

टायर बदलायला जॅक हवा होता म्हणून हार्टविगबाईंच्या शेजारच्या हेर ब्रांडेसकडे गेलो. त्यांनी स्वतःच चारही बदलून दिले. हात पुसता पुसता म्हणाले, रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या सुसाट येतील, तुमची मुलगी सायकलवर असते. मग नकाराचा कागद बॉनेटवर ठेवला. पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. भीड पडली, सही केली. चार टायर बसवून घेतल्यावर माणसाला नाही कसं म्हणायचं?

सोमवारी सुट्टी. मंगळवारी राटहाउसमध्ये जाऊन ही सही मागे घेतो. शमिकाला सांगितलेलं नाही.

५ मे

गेलो नाही. मीटिंगा होत्या. खरं म्हणजे काउंटरवर त्याच बाई असतात. कलम चार सुचवणारा मी — काय सांगू त्यांना?

१८ मे

राटहाउसमध्ये त्याच बाईंनी निकाल वाचून दाखवला. सहा होकार, सहा नकार. "एका घराने दोन्हीकडे सही केली आहे. कलम चारनुसार दोन्ही बाद." नाव सांगता येत नाही म्हणाल्या, डाटेनशुत्झ, खासगी माहितीचा कायदा. रस्ता होणार नाही.

मी पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसलो. फ्राऊ हार्टविगनी माझ्या हातावर हात ठेवला. "म्योलर असणार," कुजबुजल्या. "बिचारा हल्ली विसरतो. ब्रांडेसने घेतली असेल त्याची सही." हेर म्योलर म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले एकटे आजोबा. मी मान हलवली. कशाला हलवली?

ब्रांडेसला माहीत आहे. बाहेर पडताना माझ्याकडे बघून हसला. त्याला हवं ते मिळालं, तो बोलणार नाही. हार्टविगबाई आणि तो कुंपणाच्या झुडपावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा कोणी कागद ताडून बघणारही नाही. आणि हे कळल्यावर मला हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

२१ मे

शमिकाला सांगितलं. ती डिशवॉशरमध्ये भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "कलम चारचा फोटो दादांना पाठवला होतास ना? आता हेही कळव." थोड्या वेळाने, "प्रताप, जा आणि सांगून टाक. एवढंच तर आहे."

एवढंच आहे. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. कॉलेजात दोघांना एकाच निवडणुकीत मत देतो म्हणालो होतो. तेव्हा सगळे हसले होते.

२७ मे

गल्लीत आता सगळेच म्योलरचं नाव घेतात. आज त्यांचा मुलगा हानोव्हरहून आला होता, कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटला. म्हणाला, "हे बघा, बाबांना आपण कशावर सही करतोय हे कळत नाही. आता एकटं ठेवणं धोक्याचं. हाइममध्ये जागा मिळतेय." हाइम म्हणजे वृद्धाश्रम. म्हातारा पन्नास वर्षं त्या घरात आहे. स्वतः स्वयंपाक करतो, स्वतः हिरवळ कापतो. कधीमधी चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, तो तर मीही विसरतो.

अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, "हो ना, कठीण असतं."

नीच आहे मी. दुसरा शब्द नाही.

२ जून

उद्या जातो. आधी म्योलरकडे, मग हार्टविगबाईंकडे. वाक्यं जर्मनमध्ये लिहून पाठ केली. मोठ्याने म्हणत होतो तर ईप्सिता दारात उभी. तिने सगळं ऐकलं असावं. वर निघून गेली. शमिका म्हणाली, मी येते बरोबर. नको म्हटलं. तिला बरं नको म्हणता येतं मला.

३ जून, शनिवार

मी बूट घालत होतो तेव्हाच बेल वाजली. दारात हेर म्योलर. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. म्हणाले, माफी मागायला आलोय, अकरा घरं झाली, तुमचं शेवटचं. दोन्ही कागदांवर सही केल्याचं मला अजिबात आठवत नाही, पण सगळे म्हणतात म्हणजे मीच केली असणार. मुलाचं बरोबर आहे. काल हाइमच्या कागदावर सही केली.

पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडात होतं.

मी म्हणालो, "काही हरकत नाही."