स्वयंपाकघराचं फोल्डर

शुक्रवार, संध्याकाळ

वन्सं, नमस्कार.

सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा सगळं अगदी रोजच्यासारखं होतं. पाण्याची टाकी भरायला लावली, खिडक्या उघडल्या, बाकांवरची धूळ पुसली, काल धुतलेल्या चादरींच्या घड्या करून कपाटात रचल्या. तिन्ही कॉम्प्युटर चालू केले आणि ते जागे होईपर्यंत चहा टाकला. हे तुम्हाला इतकं बारीक का सांगतेय, कळत नाही. बहुतेक त्या चहापाशीच थांबून राहावंसं वाटतंय.

तुमचे गुडघे कसे आहेत? नवीन गोळ्या लागू पडल्या का? तुमची चिठ्ठी मागच्या आठवड्यात शिंपिणीने आणून दिली. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन कोण उचलतो ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. म्हणून हेही तिच्याच हाती देईन. वाचून झालं की फाडून टाका.

माझं बरं चाललंय. वाचनालयातून पुस्तकं आणते, संध्याकाळी वाचत बसते. तुमच्या भावाचा स्वेटर ऑफिसात त्यांच्या खुर्चीवरच आहे अजून. काढावा म्हटलं तर बाई म्हणाल्या, राहू दे, खुर्चीला थंडी वाजेल. बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. अशी थट्टा त्याच करू जाणे.

तुम्ही विचारलंय, "सून कुठे आहे ते तुला ठाऊक असेल तर सांग, पोरगा खंगत चाललाय." त्याचं उत्तर देते. आधी आज काय झालं ते सांगू द्या.

घरातून जीव मुठीत घेऊन निघालेल्या बायकांना आमची संस्था आसरा देते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या ऑफिसात राहत नाहीत. शहरात वेगवेगळ्या ठिकाणी आमची घरं आहेत आणि त्यांचे पत्ते त्या बायकांच्या आईबापांनाही आम्ही सांगत नाही. ऑफिसात फक्त कामकाज चालतं आणि मागच्या खोलीत सगळ्या घरांचं सामान भरलं जातं. ते काम स्वयंपाकीण मावशींकडे आहे. मावशी तिथल्या कॉम्प्युटरवर लिहितात, मी पुढच्या खोलीत बघते आणि सामानाचा टेम्पो भरते. त्यासाठी तुमच्या भावाने तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिले होते. एकीने फोल्डरमध्ये काही ठेवलं की दुसरीला आपल्या जागेवरून उघडता येतं.

तेव्हाच ते म्हणाले होते की प्रत्येक फोल्डरला पासवर्ड लावू. बायकांची नावं आहेत त्या फोल्डरला लावलाही. पण स्वयंपाकघराच्या फोल्डरला मावशींनी लावू दिला नाही. "माझे कांदेबटाटे कोण चोरून नेतंय? रोज सकाळी ते पासवड का काय ते विचारणार आणि माझं दूध नासणार!" सगळे हसलो आणि ते तसंच उघडं राहिलं.

तर चहा उकळत होता तेवढ्यात तुमचा मुलगा आला. हातात संत्र्यांची पिशवी, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"इकडून चाललो होतो मामी. म्हटलं, बघावं मामी आहे की गेली."

"आहे अजून. बस. चहा घेशील?"

"घेतो की. साखर कमी घाल. म्हातारा व्हायला लागलोय."

तब्येत चांगली वाटली, वन्सं. खंगलेला नाही दिसला. बाकावर बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी वाय-फायचा पासवर्ड भिंतीवरच लिहून लावलेला असतो, तो त्याने वाचून घेतला. मला विचारायचीही गरज पडली नाही. ऑफिसची चौकशी केली, माझ्या डोळ्यांची केली, मामाच्या स्वेटरकडे बघून "अजून ठेवलायस होय?" म्हणाला. बायकोचा विषयही काढला नाही. मला वाटलं, सावरतोय.

मग मागच्या खोलीतून मावशी ओरडल्या, "अगं, हे म्हणतंय फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलीय! तू बसलीयस का त्यात?"

मी बसले नव्हते. तिसरा कॉम्प्युटर बाईंचा, आणि बाई अजून आल्या नव्हत्या.

फोल्डर माझ्याच कॉम्प्युटरवर आहे. त्यात या घडीला कोण शिरलंय ते बघायची एक छोटी खिडकी असते. तुमच्या भावाने ती मला दाखवून ठेवली होती, पुढे मी पुस्तकात वाचून तिचं काम नीट समजून घेतलं. ती उघडली. त्यांची एक खोड तुम्हाला माहीतच आहे. ज्या कॉम्प्युटरला हात लावतील त्याला पाखराचं नाव द्यायचे. माझा साळुंकी, मावशींचा बुलबुल, बाईंचा सुतार. खिडकीत बुलबुल होता. त्याच्या खाली खंड्या.

खंड्या कुणाचा, ते तुम्हाला सांगायला नको. भाच्याला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून मामाने लॅपटॉप घेऊन दिला, तेव्हा तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी त्यात हे नाव घातलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "पोराला काय खंड्या म्हणतोस!" आणि ते म्हणाले होते, "अगं, सूर मारला की रिकामा परत येत नाही तो."

मी वर बघितलं. तो माझ्यापासून दोन बाकं सोडून बसला होता, संत्रं सोलत. एका हाताने सोलायचं, दुसऱ्या हाताने पान खाली सरकवायचं. घाई अजिबात नव्हती.

मला काही सुचेना. मी टेबलाखाली वाकले आणि वाय-फायच्या डब्याची वायर ओढली.

"काय झालं, मामी?"

"लाइट गेली वाटतं."

त्याने मान वर करून छताकडे बघितलं. "पंखा तर फिरतोय."

तो हसला. लॅपटॉप मिटला, सालं नीट गोळा करून टोपलीत टाकली, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "चहा राहू दे. माझं काम झालं."



त्या फोल्डरमध्ये नावं नाहीत. मी स्वतःला पुन्हापुन्हा हेच सांगत होते. पण सामान कुठे पोचवायचं ते तर लिहावंच लागतं. कुठलं फाटक, कुठला दरवाजा, बेल किती वेळा वाजवायची. आणि मावशी मायेच्या. कुणाला काय चालत नाही तेही त्या लिहून ठेवतात, म्हणजे टेम्पोवाल्याकडून चूक होऊ नये. एका घरासमोर त्यांनी लिहिलंय, "शेंगदाणा अजिबात नको. तेलसुद्धा नको. ओठ सुजतात, श्वास कोंडतो."



लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुमच्याकडे काय झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. भाजीत शेंगदाण्याचं कूट होतं. सुनेचा चेहरा सुजला, तिला श्वास घेता येईना. तुम्ही म्हणालात, "काय ही नाटकं." तो जेवत राहिला. तुमच्या भावाने तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. सगळ्या शहरात शेंगदाणा न चालणारी काही ती एकटी नसेल. पण पान सरकवणारा हात कुठे येऊन थांबला असेल, ते मला कळतं आणि आता तुम्हालाही कळेल. हे तुम्हाला लिहिणं म्हणजे पत्ता दिल्यासारखंच आहे. पण तो तर त्याच्याकडे आहेच.

बाईंना फोन केला. त्या उलट प्रश्न न विचारता थेट त्या घरी गेल्या. आज रात्री तिथेच राहणार आहेत. उद्या पहाटे तिला हलवायचं. दुपारी त्यांचा फोन आला. फाटकासमोरून एक मोटरसायकल सावकाश गेली, परत आली, परत गेली. हेल्मेट होतं, चेहरा दिसला नाही. ती पोरगी स्वयंपाकघरात फरशीवर जाऊन बसलीय, खिडकीच्या खाली. म्हणते, "मी आता कुठेच जाणार नाही. किती घरं बदलू?"

मी इकडे ऑफिसात राहिले आणि कुलपं लावत बसले. दुसरं काय करणार? भिंतीवरचा कागद फाडला, वाय-फायचा पासवर्ड बदलला. माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येकीचं वेगळं खातं उघडलं, प्रत्येकीला वेगळा पासवर्ड. फोल्डरवर 'सर्वांना परवानगी' असं होतं, ते काढून आम्हा तिघींचीच नावं घातली. त्याच्याही वर एक बटण असतं, पासवर्डशिवाय जोडलेल्या कुणालाच आत घेऊ नको असं सांगणारं. ते इतके दिवस बंद होतं. ते चालू केलं. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं आणि मावशींच्या जागेवर जाऊन बघितलं, तर खरंच नाव आणि पासवर्ड विचारला. चुकीचा घातला, आत घेतलं नाही. पुन्हा चुकीचा घातला. पाच-सहा वेळा मी मुद्दाम चुकीचाच घालत होते. नको म्हणतंय ते बघून बरं वाटत होतं.

काय झालं ते मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं गं." मग डोळे पुसून पासवर्ड घालायला आल्या आणि सवयीप्रमाणे एकेक अक्षर मोठ्याने म्हणायला लागल्या. "मावशी, मनात म्हणा!" मी ओरडलेच. तशाही परिस्थितीत दोघी हसलो. तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडी थांबवली. कुरिअरवाला होता. पण तोवर मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत.

आता शेवटचं. पोलिसांकडे तक्रार दिली तर त्याला त्या भागात फिरकू नको अशी ताकीद देतील. पण ती पोरगी सही करायला तयार नाही. तिला वाटतं, सही केली की तो आणखी चिडेल. बाईंनी नुसतं हेल्मेट बघितलं, चेहरा नाही. खिडकीत नाव बघितलं ते मी एकटीने. खंड्या म्हणजे कोण, हे पोलिसांना सांगू शकेल अशीही मी एकटीच. फोनवर बाई म्हणाल्या, "घरचाच मुलगा आहे तुमचा. मी आग्रह करणार नाही." त्या असं म्हणाल्या म्हणूनच जास्त भीती वाटते, आता ठरवायचं मलाच आहे.

माझ्या मांडीवर वाढलाय तो. मामा गेले तेव्हा त्यानेच खांदा दिला. पण तिच्या दंडावरचे डाग मी बघितलेत, वन्सं. आणि तुमची खोली त्यांच्या खोलीला लागूनच आहे. याहून जास्त लिहीत नाही.

दाराला आतून कडी लावलीय. पुन्हा एकदा बघून येते.

शनिवार, दुपार

वर लिहिलेलं फाडणार होते. फाडलं नाही.

आज उजाडताना मी भाजीच्या टेम्पोतून त्या घरी गेले. ती यायला तयार नव्हती. मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि तिला म्हटलं, तू सही करू नकोस, मी करते. मग ती उठली. तिला रिकाम्या क्रेटच्या मागे बसवून नवीन जागी पोचवलं. ती जागा आमच्या कुठल्याच फोल्डरमध्ये नाही. तिथे काय शिजवायचं ते मावशींनी तोंडपाठ केलंय.

तिथून मी पोलीस चौकीत गेले. तुमच्या मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, तुमच्या घराचा पत्ता सांगितला आणि सही केली.

तुमच्या भावाची बायको