सोनेरी गिटारीच्या बारीक तारा

चांदा,
१२ नोव्हेंबर १९५६

चि. बिरजू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. गावाला मात्र काय झालंय कोण जाणे. जो तो तोंडात सुपारी धरल्यासारखा पुटपुटतो. पोस्टमास्तर पुटपुटतात, भाजीवाली पुटपुटते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या, तर एकेकाला फळ्यापाशी उभं करून स्पष्ट बोलायला लावलं असतं. मी शाळेत तुम्हा पोरांना गाणं शिकवताना जन्मभर तेच केलं; निवृत्त झाले आणि सगळे मोकाट सुटले.

आता तुझी गिटार. बल्लारपूरच्या कागद गिरणीत यंत्रं बसवायला आलेले अमेरिकन साहेब मायदेशी निघाले आहेत, म्हणून ती विकायची आहे. तुझ्या शब्दावर त्यांनी ती आठवडाभर माझ्या घरी ठेवली. तू विचारलंस, वाजवायला कशी आणि जपून ठेवायला कशी. दुसरं सोपं आहे, ते आधी सांगते.

रूप राजेशाही. पुढून सगळी सोनेरी, मागून तांबूस लाकूड. दांडीच्या डोक्यावर, ज्याच्या नावाने ती बनते त्या नामांकित वादकाची सही, एक अक्षर झिजलेलं नाही. खुंट्या मूळच्या, पेटी आतून जांभळ्या मखमलीची. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा एक ओरखडा, बस्स. अशी दुसरी तुला मुंबईतही चटकन दिसायची नाही.

वाजवायला म्हणशील, तर दांडी बंदुकीच्या नळीसारखी सरळ; डोळा लावून पाहिली. पडदे कोरे. वजन मात्र मांडीवर पाटा घेतल्यासारखं. गिटार विजेवरची आणि अमेरिकेची वीज वेगळी, म्हणून बाबूभाई रेडिओवाल्यांनी तिच्या ध्वनिवर्धकाला ट्रान्सफॉर्मर जोडून दिला. जाड तारा काय बोलतात रे! बरगड्यांत घुमतात. पण त्या दोन बारीक तारा? सातव्या पडद्याच्या पुढे मुक्या. तारा बदलल्या, बटणं फिरवली. शून्य. बाबूभाई म्हणाले, "बाई, तार तर मस्त बोलून राह्यली." मी म्हटलं, "रेडिओच्या खरखरीत तुमचा जन्म गेला, तुम्हाला सूर काय कळणार?" ते काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरले.

तेव्हा माझा निकाल: घेऊ नकोस. साहेबांना मी तोंडावर सांगितलं की तुमच्या कारखान्याने सही सोन्याची केली आणि आवाज भरायला विसरला. बिचारे गोरे होते ते लाल झाले. सागवानाचे ठेकेदार गुणवंतराव केव्हाचे टपलेले होते, बैठकीत टांगायला. ते घेऊन गेले. टांगू देत.

तुमच्या बँडची नवी रेकॉर्ड ऐकली. पुन्हा तेच. वाजवताना वरचे सूर गिळतोस.

तुझी,
अन्नपूर्णाबाई


चांदा,
९ डिसेंबर १९५६

बिरजू,

आशीर्वाद आहेतच. थंडी पडली आहे. पेरूंना या वर्षी बहर चांगला आहे. मनकर्णाने कामाला येताना नव्या तांदळाचं पीठ आणलं होतं, त्याच्या भाकरी केल्या. हे सगळं लिहून झालं, आता आणखी काय लिहून वेळ काढू?

मागच्या पत्राला तुझं एका ओळीचं कार्ड आलं: "बाई म्हणतात तर नको." वाद घातला असतास तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या रविवारी हार्मोनियम उघडली. वरच्या सप्तकाच्या पट्ट्या बोलेनात. म्हटलं, उंदरांनी भाता खाल्ला. बाबूभाईंना पुन्हा बोलावलं. मागच्या अपमानानंतरही ते आले हेच नवल. त्यांनी पेटी उघडली, पाहिलं, बंद केली आणि माझ्याकडे न बघता इथेच राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळत बसले. मी तावातावाने एक पट्टी दाबून धरली आणि भाता मारत राहिले. तेवढ्यात मनकर्णा कानांवर हात ठेवून मागच्या दारातून ओरडत आली,

"पुरे करा ना व बाई! केव्हाची एकच पट्टी दाबून राह्यल्या. माह्या कानात किडा घुसल्यावानी होऊन राह्यलं!"

मी भाता बाबूभाईंच्या हाती दिला, झाकण काढलं आणि त्या पट्टीच्या पितळी जिभेला बोट लावलं. ती थरथरत होती. जिवंत होती.

बाबूभाई म्हणाले, "बाई, मी त्याच दिवशी समजलो होतो. पन तुमाले सांगायची हिंमत कोनात हाये?" हे ते चांगलं ओरडून बोलले, म्हणून कळलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. कानाच्या नसा वाळल्या आहेत, औषध नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. त्यांचं अक्षरही वाचवत नव्हतं, पण एवढं लागलं. बारीक सूर आधी जातात, मग बाकीचे.

तशीच गुणवंतरावांकडे गेले. चूक माझी होती, गिटार परत द्या, असं म्हणणार होते. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा वापरलेलं नाही, वाटेत त्याची तालीम केली. त्यांच्या बैठकीत रानगव्याचं मुंडकं, सांबराची शिंगं, अस्वलाचं कातडं, आणि त्या रांगेत तुझी गिटार. मुंडकी ठोकतात तशी सागाच्या पाटावर ठोकलेली. त्यांच्या सुताराने पाठीकडून अंगात चार स्क्रू पिळले आहेत, एक दांडीच्या सांध्यात. तारा काढून टाकल्या आहेत, पोरं छेडतात म्हणून.

मी काही बोलायच्या आत ठेकेदार खुशीत म्हणाले, "तुमीच तं म्हनलं बाई, मुकी हाये. म्या म्हनलं, मंग मले मुकीच पायजे!"

सांधा चिरला आहे. ती आता ना वाजवायच्या कामाची, ना जपायच्या. मी तिथे चहा प्यायले, बिरजू. बशी वाजली असेल, मला ठाऊक नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते. दोन वर्षं तुझ्या रेकॉर्डी येतात आणि दोन वर्षं मी लिहिते, वरचे सूर गिळतोस. त्यावर विश्वास ठेवून तू बँडमधली पुढची जागा त्या दुसऱ्या मुलाला दिलीस आणि स्वतः मागे बसून साथ करतोस. तू ते अभिमानाने कळवलं होतंस: बाईंचं ऐकलं. तू गिळत नव्हतास. बहुधा कधीच नाही. मी म्हणते म्हणून नव्हे, आता माझ्या म्हणण्याला काय किंमत? ज्याचे कान धड आहेत अशा कुणालाही विचार. जागा परत मागून बघ. मिळेल असं मला वाटत नाही.

नवरा नव्हता, मूल नव्हतं, रूपाचं तर नावच नको. कान होते. त्यांच्या जोरावर मी गावाला, साहेबांना, तुला, सगळ्यांना दरडावलं. त्यांच्याशिवाय मी नुसती एक चिडकी म्हातारी आहे.

माझी कीव आल्यासारखं मोठ्या अक्षरांत लिहू नकोस. डोळे शाबूत आहेत.

नाताळात येऊन मला वाजवून दाखवणार होतास. येऊ नकोस. तू वाजवशील, मी सवयीने मान डोलवीन, आणि तुला ते खरं वाटेल.

अन्नपूर्णा