उभ्या शिडीची होडी

॥ श्री ॥

श्रीरामपूर,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. सुनील यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. आत दोन्ही होड्यांचे मिळून अठरा फोटो, तपासणीचे कागद, तुझं पत्र, अर्धा किलो काजू, आमसुलं आणि राखीची ओवाळणी पाचशे एक. टपालाला एकशे शहाऐंशी लागलेले दिसतात. काजूंची किंमत तू खोडली आहेस, पण उजेडात धरली की वाचता येते. पुढच्या वेळी तुकडा काजू घे. खिरीत काय कळतं?

इकडे सगळं क्षेम आहे. ह्यांची साखर आटोक्यात आहे. आज अंगारकी, त्यामुळे मला उपास आणि ह्यांना उपासाचे पदार्थ.

आता होड्यांचं. फोनवर तू लगेच हो की नाही मागतोस, म्हणून सावकाश लिहिते.

तीस वर्षं लोकांच्या मालवाहू जहाजांवर काढलीस, आता स्वतःची शिडाची होडी घेऊन तीवरच राहणार म्हणतोस. एकट्या माणसाने गोव्यात खोली घेऊन राहण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत झालं आहे. जुनी होडी सागवानी, सत्तेचाळीस वर्षांची, नऊ लाखांना. नवी फायबरची, सव्वीस लाखांना. दोन खोल्या, फ्रिज, संडासाला दार आणि उतरायला घरासारखा जिना. त्या खोलीच्या फोटोवर तू पेनाने 'अक्काची खोली' असं लिहिलं आहेस. ते मी पाहिलं.

पण तुझ्या पत्रात जुनीबद्दल तीन पानं आहेत आणि नवीबद्दल अर्धं. त्या अर्ध्यातही निम्मा फ्रिज.

जुनीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकून भरतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या बाजारातला कापूस तिकडे असाही उपयोगी पडतो तर. तपासणीत दोन फळ्या मऊ निघाल्या म्हणतोस. मग बाकीच्याही ठोकून बघ, विकणारा दाखवेल तिथे नाही, आपल्याला वाटेल तिथे. ज्वारीच्या पोत्यात नळी खुपसून आपण मधले दाणे बघतो, वरचे नाही. दोन फळ्यांचे पैसे किमतीतून कमी करायला सांग. लाजू नकोस.

मागे फोनवर तू म्हणालास, "अक्के, तू माझ्याबरोबर होडीने गोकर्णाला येणार असशील तर नवी घेतो, कारण जुनीला पाच पायऱ्यांची उभी शिडी आहे आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत. येणार नसशील तर जुनी." मी म्हणाले, मी कुठली येते, घरचे देव कोण बघणार. देवांचं नाव पुढे केलं, ते चुकलं. पूजा हे करतील, नैवेद्य तेवढा अर्धा तास उशिरा होईल. मी नाही म्हणाले, कारण माझ्यापायी तू मनाविरुद्ध होडी घेतली असतीस आणि जन्मभर फ्रिजकडे बघत बसला असतास.

पण त्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून मी माळ्याची शिडी चढते आहे. पूजा झाली की पदर खोचून. आपली धुण्याभांड्याची चांगुणा खाली शिडी धरते. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याला तेल चोळलं. आठवडाभराने चांगुणा म्हणाली, "बाई, वर काय हाय ते सांगा, मी काढून देते. रोज रिकाम्या हातानं उतरताय." तिला काय सांगणार? मी म्हटलं, वर समुद्र आहे. ती आठवडाभर माझ्याकडे जरा जपून बघत होती.

ह्यांना काल तू पाठवलेला शिडीचा फोटो दाखवावाच लागला. ह्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "आपली शिडी तिरकी आहे. तिरकीवरचा सराव उभीला चालणार नाही." आज सकाळी धुण्याच्या दोरीने त्यांनीच ती खिडकीच्या गजाला उभी बांधली. मी पाच पायऱ्या चढले आणि उतरले. दोन वेळा. लहान मूल चढतं तशी, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, पण मधे न थांबता. ह्यांनी घड्याळ लावलं होतं, का ते त्यांनाच माहीत.

मी गणपतीकडे आजवर माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. यंदा गुडघा मागितला. बासष्ट वर्षांत समुद्र पाहिला नाही, हे आतापर्यंत कुणापाशी बोलले नव्हते. तुझ्यापाशीही नाही. तू प्रत्येक बंदराहून फोटो पाठवायचास, मी 'छान' असं लिहायचे.

तेव्हा जुनीच घे. शिडीच्या बाजूला हाताला एक दांडी बसव. संडासाला नुसता पडदा आहे म्हणतोस, तो मी इथून जाड कापडाचा शिवून आणते, माप पाठव. तुळशीचं लग्न लावून निघेन. हे येत नाहीत, त्यांना बादलीतलं पाणी हललं तरी गरगरतं.

इसार द्यायच्या आधी उलट टपाली एवढं कळव: शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये नेमके किती इंच आहेत? आमच्या शिडीला अकरा आहेत. तुझ्या होडीला जास्त असले तर आत्तापासून सवय करायला हवी.

तुझी,
अकरा इंचांपर्यंत पोचलेली
अक्का