माझं कार्ड, तिचा अंगठा

चि. भाच्यास मावशीचे भरपूर आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींना भोकं पाडून तू जे यंत्र बसवून गेलास, त्या श्रमांनीच ती धरली असणार, म्हणून आधी तिची विचारपूस. आता माझं ऐक.

सव्वीस वर्षं मी हे रसायनांचं भांडार सांभाळते. कुलूप एक, किल्ली एक, ती माझ्या कमरेला. एवढ्या काळात एक बाटली इकडची तिकडे झाली नाही, म्हणजे व्यवस्था किती धोक्याची होती बघ. तू ती सुधारलीस. आता कार्ड खाचेत घालायचं, अंगठा काचेवर टेकवायचा, दोन्ही जुळले तरच दार उघडतं आणि संगणकही. अडचण एवढीच, की माझ्या अंगठ्यावर रेषाच नाहीत. (काचेची भांडी घासण्यात गेल्या. पूर्वी त्याबद्दल शाबासकी मिळायची.) यंत्राने मला सात वेळा ‘अनोळखी व्यक्ती’ ठरवलं. मग तू माझी डावी करंगळी यंत्रात नोंदवून घेतलीस, पण तिचीही खात्री नाही म्हणालास, आणि शेजारच्या खोलीतल्या ग्रंथपालबाईंना बोलावून त्यांचा अंगठा माझ्या कार्डात घातलास. तात्पुरता म्हणे.

अरे, अख्ख्या इमारतीत तुला तीच सापडावी? सहा वर्षं आमच्यात विस्तव जात नव्हता. (दोन खोल्यांमधली खिडकी तिने वासाचं निमित्त करून कायमची बंद करवली. त्याआधी त्या खिडकीतून आमच्या दिवसभर गप्पा चालायच्या, हे तुला कुठून माहीत असणार.)

पहिल्या दिवशी बाई आल्या, अंगठा टेकवला, तोंड न उघडता गेल्या. मी त्याच दुपारी साहेबांकडे तीन पानी तक्रार दिली. पण तुझ्या संगणकाला दहा मिनिटं हात लावला नाही की तो झोपतो आणि उठायला पुन्हा अंगठा मागतो. मला एक आम्ल मोजून भरायला बारा मिनिटं लागतात. नऊ-नऊ खेपा घालून चौथ्या दिवशी बाईंच्या नाकी नऊ आले आणि त्या आपली खुर्चीच उचलून इकडे आल्या. आता पुस्तकांना लेबलं इथेच चिकटवतात आणि मी बाटल्या कशा चुकीच्या लावते ते शिकवतात. काल मान वर न करता म्हणाल्या, “खिडकी मी बंद करवली, पण उघड म्हणून तू एकदाही सांगितलं नाहीस.” मी पुसलेल्याच बाटल्या परत पुसत बसले.

तर अशी तुझी दुहेरी सुरक्षा. कार्ड एकीचं, अंगठा दुसरीचा, आणि दोघींची नजर एकमेकींवर. साहेब पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला आणतात. माझ्या तक्रारीला मान देऊन सोमवारी तू झिजलेली बोटं ओळखणारं नवं यंत्र आणतो आहेस, असंही त्यांनी सांगितलं. तत्परता वाखाणण्यासारखी आहे.

तुझी (यंत्राच्या मते अनोळखी)
मावशी

ता. क. सोमवारी येऊ नकोस. माझ्या निवृत्तीला एक वर्ष आहे, तोवर यंत्राचा कुठलासा भाग मिळत नाही म्हणून साहेबांना सांग. तुमच्या धंद्यात हे कोणालाही खरं वाटतं.

आणखी एक. डावी करंगळी चालते. दुसऱ्याच दिवशी सकाळी लावून पाहिली, दार पहिल्या झटक्यात उघडलं. मी ते हळूच ओढून घेतलं आणि तिला बोलवायला गेले.