उलटे टाके

३ मार्च, सोमवार

आज एका बाईंना दुखावलं. रडल्या नाहीत — रडल्या असत्या तर बरं झालं असतं!

आमचं दुकान जुन्या, महागड्या हँडबॅगांचं. अस्सल-नकली ठरवते मी. या बाई निवृत्त नर्स. ज्या आजींची बारा वर्षं सेवा केली, त्यांनी शेवटी दिलेली तपकिरी बॅग घेऊन आल्या होत्या. "विकायची नाही हो. फक्त सांगा, खरी आहे ना? त्यांचा मुलगा म्हणतो, खरी बॅग कामवालीला कोण देतं!"

चामडं उत्तम, कडा छान घोटलेल्या, कुलपाचं पितळ जड. पण टाके उलट्या बाजूला तिरपे! या कंपनीचे टाके पिढ्यानपिढ्या एकाच बाजूला झुकतात, हे मी गिऱ्हाइकांना पोपटासारखं ऐकवते. चारचौघांत ठणकावून सांगितलं — नकली.

"म्हणजे आजीच खोटं बोलल्या," एवढंच म्हणाल्या. बॅग पिशवीत कोंबली आणि गेल्या.

५ मार्च

मालक खूश. "वडील डिझायनर ना तुझे, नजर रक्तातच आहे!" मी हसले.

बाबा तीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात शिवणारे कारागीर. डिझायनर त्यांना मी केलं, मुलाखतीच्या दिवशी. नशीब, ते दुकानाकडे फिरकतही नाहीत. माझ्या कामाचं त्यांना कौतुकच नाही म्हणा!

८ मार्च

पर्सचा पट्टा तुटला. बाबा खिडकीशी बसून शिवत होते — गुडघ्यांत लाकडी चिमटा, दोन सुया, एक दोरा. आज पहिल्यांदा टाके नीट पाहिले. उलटे तिरपे. त्या नकली ठरवलेल्या बॅगेचं सांगितलं.

"मी डावखुरा ना," बाबा म्हणाले. "तुमच्या त्या मोठ्या कंपनीचं काम तीन वर्षं आमच्याकडे होतं. मुकादम कुरकुरायचा. पण माझा टाका उसवत नाही, म्हणून चालवून घ्यायचा."

जगाच्या बॅगा भिंगाखाली तपासते, आणि बापाचा हात ओळखला नाही! लाज वाटते. फार लाज वाटते.

१० मार्च

नर्सबाईंना फोन करून बोलावलं. बाबांनाही — जिवावर आलं होतं, पण खात्री दुसरं कोण देणार?

बाबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे माझंच काम. कोपऱ्यात दोन टाके जास्त घालायचो मी." होते दोन! बाई तेव्हा रडल्या. बाबांचे हात सोडेनात.

मालकांनी विचारलं, "हे कोण गं?"

"ओळखीचे कारागीर आहेत."

बोलून गेले! जीभ झडली का नाही माझी? बाबा शांतपणे म्हणाले, "हो, जुनी ओळख आहे."

११ मार्च

बाबांची माफी मागितली. म्हणाले, "अगं, मला तुझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तुझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला आलो होतो. 'माझे वडील डिझायनर' म्हणत होतीस, ते दारातच ऐकलं. मग आत नाही आलो."

चष्मा त्या दिवशी रखवालदारानं आणून दिला होता. कोणी दिला, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.